किती मासे काढले, हा अर्धाच प्रश्न

मासेमारीने समुद्राचं काय होतं, ही चर्चा बहुतेक वेळा टनांवर येऊन थांबते. जगभरात समुद्रातून दरवर्षी साधारण ८ कोटी टन मासळी काढली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने १९७४ मध्ये १० टक्के मत्स्यसाठ्यांवर झेपेल त्याहून जास्त मासेमारी होत होती. २०२१ पर्यंत हे प्रमाण ३७.७ टक्क्यांवर गेलं. आकडे महत्त्वाचे आहेतच. पण मासा कोणत्या वयाचा होता, कशाने पकडला, कुठल्या तळावरून उचलला आणि त्याच्यासोबत आणखी काय मेलं, यातलं काहीच टनांत दिसत नाही. एकाच वजनाची मासळी दोन बोटींनी आणली तरी मागे राहिलेला समुद्र दोन्हीकडे सारखा नसतो. म्हणून सुरुवात जाळ्यापासूनच करू.

ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढली जाणारी लांबोडकी पिशवी. तोंड रुंद, मागे निमुळती होत गेलेली, आणि शेवटी मासळी साठते तो खोला. मासा निसटणार की राहणार याचा निकाल मुख्यतः खोल्यात लागतो. जाळ्याच्या तोंडाशी मासा बराच वेळ जाळ्याच्या वेगाने पुढे पोहत राहतो, दमला की मागे पडतो आणि थेट खोल्यात जातो. त्यामुळे पुढच्या भागातला आस, म्हणजे जाळ्याचं भोक, कितीही मोठा ठेवला तरी लहान माशाला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

नेहमीच्या जाळ्याचा आस पत्त्यांतल्या चौकटसारखा असतो. जाळं ओढलं की ताण लांबीच्या दिशेने येतो आणि ही चौकट मिटायला लागते. खोल्यात माल साठला की मागचा भाग फुगतो आणि त्याच्या पुढचे आस आणखी आवळले जातात. धक्क्यावर मोजला तर ८० मिलिमीटर भरणारा आस पाण्यात नुसती चीर होऊन बसतो. उघड्या राहतात त्या मालाच्या फुगवट्यालगतच्या काही मोजक्या ओळी. पिल्लांना सुटायला तेवढीच वाट.

तेच जाळं ४५ अंशांत फिरवून लावलं की आस चौकोनी बसतो. दोन बाजू ओढीच्या दिशेने, दोन आडव्या. ताण लांबीच्या धाग्यांवर येतो आणि भोक उघडं राहतं. गोल अंगाच्या माशांची पिल्लं यातून चांगली निसटतात. चपट्या माशांच्या बाबतीत मात्र उलटं होतं. त्यांना चौकटीचा आसच सोयीचा, कारण त्यांचं अंगच त्या आकाराचं. त्यामुळे ‘चौकोनी आस म्हणजे चांगला’ असं सरसकट म्हणता येत नाही. आधी पाण्यात कोणता मासा आहे ते बघावं लागतं. आणखी एक अडचण म्हणजे गाठींच्या जाळ्यात चौकोनी आसाच्या गाठी ओढीने सरकतात आणि काही दिवसांत आस वाकडा होतो. म्हणून चौकोनी आसाच्या तुकड्यासाठी बिनगाठीचं जाळं बरं.

आसाचा नियम कागदावर पाळूनही हाणून पाडता येतो. धागा जाड किंवा दुहेरी घेतला की आस ताठ होतो आणि मासा त्यातून घुसू शकत नाही. खोल्याच्या घेरात गरजेपेक्षा जास्त आस घेतले तर ते सैल पडून मिटतात. घासण्यापासून बचाव म्हणून खोल्यावर दुसरं जाळं चढवलं की आतला आस कितीही मोठा असला तरी वाट बंद. तपासणी करायची तर जाळं ओलं असताना, खोल्यातले सलग २० आस पाचरीसारख्या गेजने लांबीच्या दिशेने मोजून सरासरी काढतात. धागा आणि घेर मोजल्याशिवाय ही तपासणी निम्मीच म्हणायची.

मोजपट्टी कसली लावायची? ज्या लांबीचे निम्मे मासे जाळ्यात राहतात आणि निम्मे निसटतात, ती त्या जाळ्याची निवड-लांबी. मासा पहिल्यांदा अंडी घालायला तयार होतो त्या लांबीपेक्षा ही जास्त असली पाहिजे. कमी असेल तर आयुष्यात एकदाही न व्यालेली मासळी उपसली जाते, मग वर्षाची मर्यादा कितीही सावध ठरवलेली असो.

निसटलेला प्रत्येक मासा जगतो असंही नाही. कॉडसारखे टणक मासे आसातून गेल्यावर बहुतांशी तगतात. हेरिंगचे खवले सैल, ते जाळ्याला घासून निघाले की कातडी उघडी पडते, आणि निसटलेल्यांपैकी बरेच पुढच्या काही दिवसांत मरतात. त्यांच्यासाठी आसापेक्षा जाळं कुठे आणि कधी टाकता, हे जास्त मोलाचं.

बोटीवर आल्यावर नको असलेली मासळी परत समुद्रात जाते. अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी ९१ लाख टन, म्हणजे पकडलेल्या मासळीच्या दहा टक्क्यांहून थोडी जास्त, अशी फेकली जाते. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा तळाच्या ट्रॉलचा. ‘परत सोडली’ हा शब्द इथे फसवा आहे. तरंगण्यासाठी पोटात असलेल्या हवेच्या पिशवीला तोंडाकडे वाट नसलेला मासा ३० मीटर खोलीवर चार वातावरणांच्या दाबाखाली असतो. वर आणताना दाब एकावर येतो आणि पिशवीतली हवा चौपट व्हायला बघते. पिशवी फाटते, डोळे बाहेर येतात, जठर उलटं होऊन तोंडातून बाहेर पडतं. असा मासा पाण्यात टाकला तर उताणा तरंगत राहतो आणि पक्षी त्याला टिपतात. तोंडातून आलेलं जठर म्हणजे हवेची पिशवी समजून ते टोचण्याची चूक सर्रास होते; त्याने माशाला आणखी इजा होते. योग्य उपाय म्हणजे खालच्या जबड्याला चिमटा लावून, त्याच्या तरंगण्यावर मात करेल इतकं वजन जोडून, त्याला पुन्हा खोलीवर नेऊन सोडणं. तिथल्या दाबाने हवा पुन्हा आकुंचते. हे काम डेकवर आल्यापासून मिनिटा-दोन मिनिटांत झालं तरच अर्थ आहे, आणि गळाच्या मासेमारीतच ते शक्य आहे. ट्रॉलच्या शेकडो किलोंच्या ढिगात कुणी प्रत्येक मासा उचलून चिमटा लावणार नाही.

आता वयाकडे. लहान मासे सोडा आणि मोठे पकडा, हा सल्ला ऐकायला सरळ वाटतो, आणि पहिला अर्धा भाग बरोबरही आहे. दुसऱ्यात घोळ आहे. माशाची मादी वाढते तशी तिची गाभोळी, म्हणजे पोटातली अंडी, वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते. अटलांटिक कॉडची ३० किलोची एक मादी २ किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्या २८ जणींचं एकत्र वजन ५६ किलो भरतं. म्हणजे ५६ किलो मासळी समुद्रात राहिली, असा समाधानाचा हिशेब मांडला तरी अंड्यांच्या बाबतीत ती एका म्हातारीची बरोबरी करत नाही. आणि मासेमारी सगळ्यात आधी संपवते ती या म्हाताऱ्यांनाच, कारण दरवर्षी जाळ्यातून वाचत वाचत त्या वयाला पोहोचणारे फार थोडे.

शिवाय मोठे मासे सतत काढले तर मागे उरणाऱ्यांची घडणच बदलते. अटलांटिक सिल्व्हरसाइड नावाच्या छोट्या माशावर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला टाक्यांमधला प्रयोग याबाबत बोलका आहे. काही टाक्यांतून प्रत्येक पिढीत सगळ्यात मोठे ९० टक्के काढले, काहींतून सगळ्यात लहान ९० टक्के. चार पिढ्यांतच मोठे काढलेल्या टाक्यांतले मासे हळू वाढायला लागले आणि मिळणारं वजनही घटलं. लवकर आणि लहानपणीच विणारा मासा जाळ्याच्या राज्यात फायद्यात राहतो, आणि तो गुण पुढच्या पिढीत उतरतो. मासेमारी थांबवली म्हणून हे लगेच उलटत नाही. म्हणून काही माशांसाठी किमान लांबीसोबत कमाल लांबीही ठरवतात, मधल्या पट्ट्यातलेच घ्यायचे. गळाने किंवा पिंजऱ्याने पकडताना हे जमतं. ट्रॉलला असं मधलंच उचलायला सांगणं जवळजवळ अशक्य.

साठा संपत चाललाय हे कळत कसं नाही, असा प्रश्न नेहमी येतो. उत्तर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉडमध्ये आहे. १९६८ मध्ये तिथला उत्तरेकडचा कॉड ८ लाख टनांच्या वर काढला गेला. पुढे साठा ढासळत असतानाही व्यापारी ट्रॉलरांना ताशी मिळणारी मासळी चांगलीच राहिली. कारण दोन. कॉड थव्याने राहणारा. संख्या घटली तरी तो पूर्ण समुद्रभर विरळ होत नाही, उरलेले मासे ठरावीक जागी गोळा होतात. आणि त्या जागा शोधणारी यंत्रं दरवर्षी सुधारत होती. ताशी मिळकत हा साठ्याचा मापक मानला की अशा माशाच्या बाबतीत सुई शेवटपर्यंत ‘ठीक’वर राहते आणि मग एकदम शून्यावर पडते. शास्त्रीय पाहणीची बोट ठरवून दिलेल्या, यदृच्छेने निवडलेल्या जागी जाळं टाकते, तिथे मासे असोत की नसोत. त्या पाहणीत घसरण दिसत होती, पण अंदाज बांधताना व्यापारी आकडेही वजनात धरले गेले. २ जुलै १९९२ रोजी बंदी आली आणि सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं. ही बंदी औपचारिकपणे उठली ती २०२४ मध्ये, एकूण १८ हजार टनांच्या मर्यादेसह. ८ लाख आणि १८ हजार हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

तळाची गोष्ट याहून सावकाश चालते. ट्रॉलच्या दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात, त्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात आणि तळात सरी पाडत जातात. खालच्या काठाच्या दोराला साखळ्या किंवा रबरी चाकं. ही चाकं आल्यापासून खडकाळ तळही सुरक्षित राहिला नाही, कारण पूर्वी तिथे जाळं फाटायचं म्हणून कुणी जात नसे. २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची एकत्र मोजणी झाली, त्यात साध्या ट्रॉलची एक फेरी तळात सरासरी २.४ सेंटीमीटर घुसते आणि तिथली ६ टक्के सजीवसृष्टी नाहीशी करते असं निघालं. पाण्याच्या झोताने तळ उकरणारे शिंपल्यांचे ड्रेज १६.१ सेंटीमीटर घुसतात आणि ४१ टक्के नेतात. तळावर चालणाऱ्या दोन साधनांत एवढा फरक असेल, तर ‘तळाची मासेमारी’ असा एकच शब्द वापरून भांडण्यात काही हशील नाही.

वाळूचा तळ, जिथे वादळाने तसाही गाळ हलतो, तो काही वर्षांत सावरतो. खोल पाण्यातली प्रवाळं सावरत नाहीत. स्कॉटलंडच्या वायव्येला साधारण १००० मीटर खोलीवर डार्विन माउंड्स नावाचे प्रवाळांचे उंचवटे १९९८ मध्ये सापडले. दोनच वर्षांनी तिथे ट्रॉलच्या खुणा दिसल्या, २००३ मध्ये तिथलं ट्रॉलिंग बंद झालं. २०११ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा जिथे ट्रॉल फिरला होता तिथे नवं प्रवाळ रुजलेलं नव्हतं, आणि जुन्याची वाढही जवळपास नव्हती. अशा खोलीवरचे मासेही त्याच संथ चालीचे. ऑरेंज रफी हा मासा २०० वर्षांहून जास्त जगतो आणि वयात यायलाच त्याला २०-४० वर्षं लागतात.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल पण ती पक्की आहे: सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या फेरीत होतं. आधीच दहा वेळा नांगरलेल्या तळावर अकरावी फेरी तुलनेने थोडंच मोडते, कारण मोडण्यासारखं उरलेलंच नसतं. त्यामुळे जुनी जागा बंद करून बोटींना नव्या जागी ढकलणारी बंदी तळासाठी घातक ठरू शकते. २००१ मध्ये कॉड वाचवण्यासाठी उत्तर समुद्राचा मोठा भाग सुमारे १० आठवडे बंद ठेवला, तेव्हा काही ट्रॉलर याआधी फारशी मासेमारी न झालेल्या तळांवर गेले. जागा बंद करताना बोटींचे दिवसही तेवढेच कमी करावे लागतात, नाहीतर भार फक्त सरकतो.

जाळ्यात मरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना कुणी पकडायला गेलेलंच नसतं. कोळंबीच्या ट्रॉलमध्ये कासव अडकलं की श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे खोल्याच्या आधी गजांची तिरकी जाळी आणि तिच्याजवळ झडपेचं भोक. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांवरून सरकत भोकातून बाहेर. गजांमधलं अंतर जास्तीत जास्त १० सेंटीमीटर, तिरकेपणा ३० ते ५५ अंश. बिघडतं ते याच आकड्यांत. जाळी फार उभी बसली तर कासव आणि कचरा गजांवर दाबले जाऊन अडकतात. फार आडवी झाली तर कोळंबी भोकातून निसटते, मग वैतागून झडप दोराने बांधली जाते आणि सगळं साधन नुसतं ओझं होऊन राहतं. भोक खाली असेल तर जाळीला बोये लावावे लागतात, नाहीतर झडप तळाला घासते. लेदरबॅकसारख्या प्रचंड कासवासाठी साधं भोक पुरत नाही. अमेरिकेत २००३ पासून त्यासाठी ७१ इंचांचं, म्हणजे सुमारे १८० सेंटीमीटरचं भोक सांगितलेलं आहे. नीट बसवलेली जाळी ९७ टक्के कासवं बाहेर काढते.

लांब दोरावरच्या गळांचा प्रश्न वेगळा. मुख्य दोर कधी कधी १०० किलोमीटरपर्यंत जातो, त्यावर हजारो गळ. धोका असतो तो गळ टाकल्यापासून तो पुरेसा खाली जाईपर्यंतच्या थोड्या वेळात. बोटीमागे अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी घिरट्या घालतात, आमिषावर झडप घालतात आणि गळासह बुडतात. अल्बट्रॉस एका खेपेला एकच अंडं घालतो, वाँडरिंग अल्बट्रॉस तर वर्षाआड. त्याला प्रौढ पक्ष्यांचं मरण भरून काढता येत नाही. उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र: रात्री दोर टाकणं, बोटीमागे फडफडत्या पट्ट्यांचा पक्षी-हाकल दोर ओढणं, आणि गळाच्या उपदोराला वजन लावणं. वजनाची मापं ठरलेली आहेत. गळापासून अर्ध्या मीटरच्या आत किमान ४० ग्रॅम, १ मीटरच्या आत ६० ग्रॅम, २ मीटरच्या आत ८० ग्रॅम. वजन गळापासून जितकं लांब तितकं जास्त लागतं, कारण वजन बुडून मधला दोर ताणला जाईपर्यंत गळ वरच रेंगाळतो. एकच उपाय का पुरत नाही? पेट्रेलसारखे पक्षी खोल बुड्या मारतात आणि बुडालेलं आमिष वर घेऊन येतात. मग ते अल्बट्रॉस हिसकावतो. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवतीच्या टूथफिशच्या मासेमारीत हे उपाय आणि हिवाळ्यातलाच हंगाम सक्तीचा केल्यावर वर्षाला हजारोंनी मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. ज्यांना मासेमारी आणि समुद्र यांतलं एकच निवडावं लागतं असं वाटतं, त्यांनी हे उदाहरण बघावं.

अन्नसाखळीबद्दल मोठमोठे शब्द वापरले जातात, मी दोनच ठिकाणं सांगते. नामिबियाच्या किनाऱ्यावर १९६० च्या दशकात सार्डिन बेसुमार काढला गेला, नंतर तो साठा कोसळला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्याच पाण्यात १.२२ कोटी टन जेलीफिश आणि ३६ लाख टन मासे भरले. जेलीफिश माशांचं खाद्य खातात आणि माशांची अंडी-पिल्लंही खातात, त्यामुळे सार्डिनला परत यायची वाट बिकट होते. दुसरं ठिकाण न्यूझीलंडमधलं ली इथलं सागरी अभयारण्य, १९७५ मध्ये जाहीर झालेलं. मोठे स्नॅपर आणि शेवंड काढले गेल्यामुळे तिथे काटेरी सी-अर्चिन माजले होते आणि त्यांनी केल्प, म्हणजे मोठं समुद्री शेवाळ, खाऊन खडक उघडे पाडले होते. मासेमारी बंद झाल्यावर शिकारी वाढले, अर्चिन घटले, केल्प परतलं. पण यात काही हंगाम नाही, दशकं गेली, कारण अर्चिन फोडण्याइतका स्नॅपर मोठा व्हायला वेळ लागतो.

शेवटी हरवलेली साधनं. उथळ पाण्यात सुटलेलं गिलनेट, म्हणजे पडद्यासारखं उभं सोडायचं जाळं, शेवाळ चढून, गुंडाळून काही महिन्यांत बरंचसं निकामी होतं. खोल, शांत पाण्यात ते वर्षानुवर्षं मारत राहतं. पिंजरा त्याहून चिवट. खेकडा आत शिरतो, उपासमारीने मरतो, त्याच्या वासाने पुढचा येतो. आमिष पिंजराच पुरवतो. यावर अलास्कात केलेली तरतूद साधी आहे. पिंजऱ्याच्या बाजूला, तळापासून ६ इंचांच्या आत, तळाला समांतर असं किमान १८ इंच लांबीचं भोक ठेवायचं आणि ते प्रक्रिया न केलेल्या शंभर टक्के सुती दोऱ्याने शिवायचं. दोरा ३० धाग्यांहून जाड नको. पिंजरा हरवला की सूत कुजतं, भोक उघडतं, खेकडे चालत बाहेर जातात. गाठ फक्त दोन टोकांना मारायची. मध्ये मध्ये गाठी मारल्या तर दोरा एका जागी तुटूनही बाकीची शिवण धरून राहते, आणि जेमतेम बोटभर फटीतून खेकडा बाहेर पडत नाही.